परतणाऱ्या रहिवाशाचा हक्क : अमेरिकेतील स्थायी निवास, दीर्घ अनुपस्थिती आणि पुनःप्रवेश यांचा ऐतिहासिक मागोवा (१८८२ ते १९९६)

प्रस्तावना

स्थलांतराचा इतिहास बहुधा प्रवेशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोण आले, कोणत्या कायद्याने आले, कोणाला दारातच अडविले गेले, या प्रश्नांभोवती बहुतांश लेखन फिरत राहते. मात्र एकदा रीतसर प्रवेश मिळवून स्थायिक झालेला मनुष्य मायदेशी गेला, तेथे अपेक्षेपेक्षा अधिक काळ अडकला आणि पुन्हा त्याच दाराशी येऊन उभा राहिला, तर त्याला जुना रहिवासी मानावयाचे की नवा आगंतुक, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्याने या प्रश्नाची जी उत्तरे वेळोवेळी दिली, त्यांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती म्हणावे असे आहे. आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सहकारी मुलीमुळे ग्रीन कार्डधारक झाले होते. आईच्या आजारपणासाठी ते भारतात आले आणि दोन वर्षांहून अधिक काळ येथेच राहिले. आईच्या निधनानंतर त्यांनी प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, माझे कार्ड अजून जिवंत आहे की गेले?" कार्डावरील मुदत संपलेली नव्हती, तरीही कायद्याच्या दृष्टीने ते बहुधा निरुपयोगी झाले होते. मुदत शिल्लक असलेला कागद निरुपयोगी कसा ठरतो, हे त्यांना समजावून सांगताना लक्षात आले, की या प्रश्नाचे उत्तर केवळ नियमपुस्तिकेत नाही. ते एकोणिसाव्या शतकातील सॅन फ्रान्सिस्को बंदरापर्यंत मागे जाते.

दाखला : दिलेला आणि काढून घेतलेला

६ मे १८८२ रोजी अमेरिकेत चिनी बहिष्कार कायदा संमत झाला. चिनी मजुरांच्या आगमनास त्याने दहा वर्षांची बंदी घातली. तथापि १७ नोव्हेंबर १८८० रोजी जे मजूर अमेरिकेत होते, त्यांचा जाण्या-येण्याचा अधिकार मान्य करण्यात आला. देश सोडताना बंदरावरील जकात अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावयाचा आणि परतताना तो दाखवावयाचा, अशी व्यवस्था होती. १८८४ च्या दुरुस्तीने हा दाखला पुनःप्रवेशाच्या हक्काचा एकमेव ग्राह्य पुरावा ठरविला. येथून पुढे रहिवासी असणे आणि रहिवासी असल्याचा कागद जवळ असणे या दोन गोष्टी एकच मानल्या जाऊ लागल्या.

त्यातील विसंगती लगेच समोर आली. च्यू हेआँग नावाचा मजूर १८८१ मध्ये, म्हणजे दाखल्याची पद्धतच अस्तित्वात नसताना, होनोलुलूस गेला होता. १८८४ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याकडे दाखला मागण्यात आला. जो कागद काढणे त्याला शक्यच नव्हते, तो नसल्याबद्दल त्याला शिक्षा देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बहुमताने दिला. न्यायमूर्ती हार्लन यांनी तो लिहिला. न्यायमूर्ती फील्ड यांनी भिन्नमत नोंदविले. पाच वर्षांनी याच फील्ड यांचा दृष्टिकोन न्यायालयाचा दृष्टिकोन होणार होता.

१ ऑक्टोबर १८८८ रोजी स्कॉट कायदा अमलात आला आणि तोपर्यंत दिलेले सर्व परतीचे दाखले रद्दबातल ठरले. त्या वेळी असे सुमारे वीस हजार दाखले मजुरांच्या हाती होते, असे सांगितले जाते. चाए चान पिंग हा मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्को येथे राहत होता. २ जून १८८७ रोजी तो रीतसर दाखला घेऊन चीनला गेला. ७ सप्टेंबर १८८८ रोजी तो हाँगकाँगहून परतीच्या जहाजात बसला आणि ८ ऑक्टोबरला बंदरात पोहोचला. जहाज समुद्रात असताना कायदा बदलला होता. निघताना वैध असलेला दाखला पोहोचताना अवैध झाला होता, आणि त्याला उतरू देण्यात आले नाही.

१३ मे १८८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. फील्ड यांच्या मांडणीनुसार परकीयांना वगळण्याचा अधिकार सार्वभौमत्वाचा भाग आहे; परत येण्याची जी मुभा दाखल्याने मिळाली होती, ती सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली परवानगी होती आणि ती केव्हाही काढून घेता येते. अमेरिकी स्थलांतर कायद्याचे अभ्यासक या निर्णयाकडे संसदीय सर्वाधिकाराच्या सिद्धांताचा उगम म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखकाला यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ज्या खटल्यातून हा सिद्धांत जन्मला, तो नव्याने येणाऱ्या माणसाचा नव्हता. बारा वर्षे राहून, दाखला घेऊन गेलेल्या आणि परत येऊ पाहणाऱ्या माणसाचा होता. घराच्या मालकाने पाहुण्याला नाकारावे आणि कुळाला नाकारावे यांत फरक आहे, आणि न्यायालयाने तो फरक मानला नाही.

(नागरिकाची गोष्ट वेगळी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क चीनला जाऊन १८९५ मध्ये परतला, तेव्हा त्यालाही अडविले गेले. परंतु १८९८ च्या निर्णयाने जन्मसिद्ध नागरिक म्हणून त्याचा प्रवेश मान्य झाला. परतीचा निरपवाद हक्क हा नागरिकत्वाचा भाग आहे, निवासाचा नाही, ही सीमारेषा येथे पक्की झाली.)

१८९४ चा तह : 'आवाक्याबाहेरचे कारण'

यानंतरचा टप्पा अभ्यासकांकडून बहुधा घाईने ओलांडला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. १८९४ मध्ये अमेरिका व चीन यांच्यात नवा तह झाला आणि नोंदणीकृत मजुरांना परतीची मुभा काही अटींवर पुन्हा मिळाली. मजुराची वैध पत्नी, अपत्य किंवा आई-वडील अमेरिकेत असावेत, अथवा त्याची तेथे एक हजार डॉलरची मालमत्ता किंवा तेवढ्याच रकमेचे येणे असावे, ही पहिली अट. निघाल्यापासून एक वर्षाच्या आत त्याने परतावे, ही दुसरी. आजारपण किंवा स्वतःच्या आवाक्याबाहेरच्या अन्य अडचणीमुळे परतणे अशक्य झाल्यास आणखी एक वर्षापर्यंत मुदत वाढविण्याची तरतूद होती. मात्र ही अडचण निघण्याच्या बंदरावरील चिनी वाणिज्यदूताने कळवावी लागे.

आज दीर्घ अनुपस्थितीनंतर दर्जा परत मागणाऱ्या कोणत्याही ग्रीन कार्डधारकाने ही कलमे वाचली, तर त्याला ती ओळखीची वाटतील. एक वर्षाची मर्यादा, अमेरिकेतील कुटुंब व मालमत्ता यांचे धागे आणि आवाक्याबाहेरचे कारण, ही तिन्ही सूत्रे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही प्रत्यक्ष व्यवहारात जिवंत आहेत. तह स्वतः १९०४ मध्ये संपुष्टात आला आणि चिनी बहिष्काराचे कायदे १९४३ मध्ये रद्द झाले. आजचे नियम थेट त्या तहातून उतरले, असा दावा येथे करावयाचा नाही. पण प्रश्न सोडविण्याची जी रीत तेव्हा बसली, ती पुढेही मोडली नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

'तात्पुरती भेट' : कागदाकडून हेतूकडे

१९१७ च्या कायद्याने साक्षरतेची अट आणि आशियाई प्रतिबंधित क्षेत्र निर्माण केले. हिंदुस्थान या क्षेत्रात समाविष्ट होता. त्याच कायद्यात सात वर्षांचा अखंड अधिवास असलेल्या आणि तो न सोडता तात्पुरत्या अनुपस्थितीनंतर परतणाऱ्या परकीयास श्रममंत्र्याच्या विवेकाधिकारात प्रवेश देण्याची सोय होती. १९२४ च्या कोटा कायद्याने विषयाला त्याचे आधुनिक रूप दिले. परदेशातील तात्पुरत्या भेटीहून परतणारा, पूर्वी कायदेशीररीत्या प्रवेश मिळालेला स्थलांतरित हा कोट्याबाहेरचा स्थलांतरित ठरला. त्याच कायद्याच्या दहाव्या कलमाने पुनःप्रवेश परवाना आणला. त्याची मुदत एक वर्षापर्यंत असे आणि ती प्रत्येक वेळी सहा महिन्यांपर्यंत वाढविता येत असे.

या कलमातील एक उपवाक्य महत्त्वाचे आहे. तात्पुरत्या भेटीहून परतत असल्याचे सिद्ध करण्याचा परवाना हा एकमेव मार्ग मानू नये, असे त्यात स्पष्ट केले होते. १८८४ मध्ये कागद सर्वस्व होता; १९२४ मध्ये तो अनेक पुराव्यांपैकी एक झाला. वरवर पाहता ही उदारता होती. परंतु कागदाची जागा आता 'तात्पुरती' या शब्दाने घेतली, आणि भेट तात्पुरती होती की नाही हे दिवस मोजून कळत नाही, जाणाऱ्याचा मनोदय पाहावा लागतो. आपल्याकडील जमिनीच्या व्यवहारातील शब्द वापरायचा तर मालकीपेक्षा वहिवाट महत्त्वाची झाली. वहिवाट मोडली की नाही, हे मात्र अधिकाऱ्याने ठरवावयाचे.

हिंदी लोकांच्या बाबतीत प्रश्न याहूनही कठीण होता. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरल्यानंतर पूर्वी नागरिकत्व मिळालेल्यांचेही नागरिकत्व काढून घेण्यास सुरुवात झाली. वैष्णोदास बगाई हे गदर चळवळीशी संबंधित गृहस्थ १९१५ मध्ये पत्नी व तीन मुलांसह अमेरिकेत आले होते आणि १९२१ मध्ये नागरिक झाले होते. नागरिकत्व गेल्यानंतर हिंदुस्थानात नातलगांना भेटावयास जायचे तर ब्रिटिश पासपोर्ट घ्यावा, असे त्यांना सांगण्यात आले. ज्या सत्तेविरुद्ध लढावयाचे तिचाच पासपोर्ट घेण्यास त्यांनी नकार दिला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जाण्याचा आणि परतण्याचा हक्क हिरावला गेल्यावर स्थायिक माणूस कसा कोंडला जातो, याचे याहून करुण उदाहरण या काळात दुसरे सापडत नाही. २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाची पात्रता आणि वर्षाला शंभरांचा कोटा मिळाला.

मेझेई : एकोणीस महिने

१९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्याने 'कायदेशीर स्थायी निवासी' या संज्ञेची व्याख्या केली. पुढच्याच वर्षी, अवघ्या पाच आठवड्यांच्या अंतराने, सर्वोच्च न्यायालयाने परतणाऱ्या रहिवाशांविषयी दोन निर्णय दिले आणि ते परस्परविरुद्ध दिशांना गेले.

पहिला, ९ फेब्रुवारी १९५३ चा, क्वाँग हाय च्यू या चिनी खलाशाचा. तो स्थायी निवासी होता आणि अमेरिकी व्यापारी जहाजावर सुरक्षा तपासणी होऊन कामास गेला होता. परतल्यावर त्याला सुनावणीशिवाय वगळण्यात आले. अशा रहिवाशाला सुनावणी नाकारता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले.

दुसरा, १६ मार्च १९५३ चा, इग्नाट्झ मेझेई यांचा. मेझेई १९२३ पासून पंचवीस वर्षे अमेरिकेत, बफेलो शहरात राहत होते. व्यवसायाने ते सुतार होते. १९४८ मध्ये मरणासन्न आईला भेटण्यासाठी ते रुमानियाकडे निघाले. रुमानियाने प्रवेश नाकारला. हंगेरीतून बाहेर पडण्याचा परवाना मिळविण्यात त्यांचे एकोणीस महिने गेले. अखेर बुडापेस्ट येथील अमेरिकी वाणिज्यदूताकडून व्हिसा घेऊन ते ९ फेब्रुवारी १९५० रोजी न्यूयॉर्कला पोहोचले. गोपनीय माहितीच्या आधारे त्यांना कायमचे वगळण्यात आले. ती माहिती काय आहे हे त्यांना सांगण्यात आले नाही. फ्रान्स व ब्रिटन यांनी त्यांना उतरू दिले नाही. लॅटिन अमेरिकेतील सुमारे डझनभर देशांनीही नकार दिला. मेझेई एलिस बेटावर अडकून पडले.

न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. बहुमताच्या मते पुनःप्रवेशाची कागदपत्रे न घेता पोलादी पडद्याआड एकोणीस महिने राहिलेला मनुष्य आणि तपासणी होऊन जहाजावर गेलेला खलाशी यांना एकाच मापाने मोजता येत नव्हते; मेझेई जणू प्रथमच दाराशी आले आहेत असे मानून त्यांचा विचार करावा. न्युरेंबर्ग खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता राहिलेले न्यायमूर्ती जॅक्सन यांनी तीव्र भिन्नमत नोंदविले. मेझेई यांची सुटका ऑगस्ट १९५४ मध्ये झाली, तीही पॅरोलवर.

या खटल्याची चर्चा सामान्यतः शीतयुद्धातील भीतीच्या संदर्भात होते आणि ते योग्यही आहे. तथापि अनुपस्थितीच्या इतिहासासाठी त्यातील तथ्ये निराळ्या कारणाने बोलकी आहेत. जाण्याचे कारण होते आईचे आजारपण. लांबण्याचे कारण होते परकीय सरकारचा अडथळा. दोन्हीही, १८९४ च्या तहाची भाषा वापरायची तर, माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. तरीही न्यायालयाने ती कारणे विचारात घेण्याजोगी मानली नाहीत. गेलेल्या काळाची लांबी आणि तो काळ कोठे घालविला, एवढेच पाहिले.

दुपार, वर्ष आणि हेतू

पुढील दशकात काटा उलट बाजूस झुकला. जॉर्ज फ्लूती हे स्विस नागरिक १९५२ पासून स्थायी निवासी होते. १९५६ मध्ये ते काही तासांसाठी मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे जाऊन आले, आणि तेवढ्यावरून त्यांनी नवा 'प्रवेश' केला असे सरकारचे म्हणणे होते. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. निरुपद्रवी, सहज आणि अल्पकाळाच्या फेरीने निवास खंडित होत नाही, असे तत्त्व त्यातून रूढ झाले. १९७४ च्या बुस्तोस खटल्यात तर मेक्सिको व कॅनडात घर असलेले आणि रोज किंवा हंगामापुरते कामास येणारे कार्डधारकही तात्पुरत्या भेटीहून परतणारे रहिवासी ठरले. घर एका देशात आणि 'स्थायी निवास' दुसऱ्या देशात, ही कल्पना तर्काला ताण देणारी आहे. सीमेवरील शेतीला मजूर हवे होते, हे लक्षात घेतले की ती समजते.

दीर्घ अनुपस्थितीची कसोटी मात्र प्रशासकीय न्यायमंडळाने घडविली. १९७५ मधील केन प्रकरणात वर्षातील बहुतेक काळ जमैकात घालवून थोड्या दिवसांसाठी अमेरिकेत येणाऱ्या महिलेने आपला निवास सोडला आहे, असे ठरले. त्यात तीन गोष्टी पाहिल्या गेल्या : जाण्याचा उद्देश काय होता, भेट केव्हा संपणे अपेक्षित होते, आणि घर व नोकरी प्रत्यक्षात कोठे होती. केवळ कार्ड टिकविण्याची इच्छा पुरेशी नाही, परत येऊन राहण्याची इच्छा हवी, हा यातील गाभा. १९८६ मध्ये चावेझ-रामिरेझ खटल्यात नवव्या मंडळ न्यायालयाने त्यात भर घातली. भेट अल्पकाळाची असावी, किंवा एखाद्या नजीकच्या घटनेने संपणारी असावी. आणि ती लांबली तर परतण्याचा हेतू सर्व काळ अखंड टिकलेला असावा. १९८८ च्या हुआंग प्रकरणाने निवास सोडल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकला. १९९६ च्या कायद्याने संख्या निश्चित केली : एकशे ऐंशी दिवसांहून अधिक अनुपस्थित राहिलेला रहिवासी प्रवेशाची नव्याने मागणी करीत आहे असे मानता येईल.

या सर्वांतून जो व्यवहार स्थिर झाला, तो असा. एक वर्षाहून कमी काळ बाहेर राहिल्यास कार्ड हे प्रवासपत्र म्हणून चालते. त्याहून अधिक काळासाठी निघण्यापूर्वीच पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो. तो साधारणतः दोन वर्षांचा असतो. ज्याच्याकडे तोही नाही, त्याने वाणिज्यदूतावासात एस.बी.-१ या वर्गातील परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागावयाचा. डी.एस.-११७ या अर्जात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : जाताना दर्जा कायम होता, परतण्याचा हेतू होता आणि तो सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो स्वतःच्या आवाक्याबाहेरच्या, स्वतः जबाबदार नसलेल्या कारणामुळे. रुग्णालयाची कागदपत्रे, परतीची तिकिटे, अमेरिकेत भरलेल्या प्राप्तिकराची विवरणे, तेथील घर वा बँक खाते हा पुरावा. मंजुरी मिळाली तरी वैद्यकीय तपासणीसह व्हिसाची प्रक्रिया पुन्हा पार पाडावी लागते. हेतू ही मनातली गोष्ट. ती सिद्ध होते कागदांनीच. १८८४ चा दाखला अशा रीतीने मागील दाराने परत आला, फक्त एकाऐवजी अनेक कागदांच्या रूपाने.

मराठी कुटुंबांच्या संदर्भात

१९६५ च्या कायद्याने कोट्याची वंशाधारित पद्धत संपविली आणि अमेरिकी नागरिकांच्या आई-वडिलांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवले. पुणे, मुंबई, नागपूर येथून अभियंते व डॉक्टर म्हणून गेलेली पिढी नागरिक झाली आणि तिने आई-वडिलांसाठी अर्ज केले. या आई-वडिलांचे आयुष्य येथे रुजलेले होते. निवृत्तिवेतन येथे, सदनिका येथे, वयोवृद्ध आप्त येथे. सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे अशी त्यांची ये-जा कायद्याच्या चौकटीत कधीच नीट बसली नाही, कारण कायदा 'घर कोठे आहे' असे एकवचनात विचारतो.

येथे एक विषमता नोंदविणे आवश्यक आहे. नागरिकाच्या आई-वडिलांचा दर्जा गेला, तर मूल पुन्हा अर्ज करू शकते आणि त्यासाठी कोट्याची रांग नसते. भाऊ-बहीण या वर्गातून दीड तपाहून अधिक काळ थांबून कार्ड मिळविलेल्या माणसाचा दर्जा गेला, तर त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. एकाच अनुपस्थितीची किंमत दोघांना सारखी पडत नाही. अनेक ज्येष्ठ मंडळी म्हणूनच आय-४०७ या अर्जावर सही करून दर्जा स्वेच्छेने सोडतात आणि पर्यटक व्हिसावर जातात. तुलनेसाठी भारताचे उदाहरण घेता येईल : २००५ पासून दिले जाणारे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड धारक भारतात आला नाही म्हणून लोप पावत नाही. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवसांचा हिशेब असतो. अमेरिकेने मात्र दिवस आणि हेतू या दोहोंची सरमिसळ कायम ठेवली आहे.

मार्च २०२० मध्ये अमेरिकी वाणिज्यदूतावासांतील नेहमीची व्हिसा सेवा थांबली आणि भारतातून जाणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद झाली. ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. थोड्या दिवसांसाठी आलेले कार्डधारक वर्षाची मर्यादा येथेच ओलांडून गेले. 'आवाक्याबाहेरचे कारण' म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. तरीही विशेष विमाने सुटत असताना आपण का गेला नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यावे लागण्याची शक्यता होतीच.

प्रारंभी उल्लेखिलेल्या सहकाऱ्यांनी एस.बी.-१ चा अर्ज केला नाही. आईची रुग्णालयाची कागदपत्रे त्यांच्याजवळ होती. अमेरिकेतील कर विवरणे नव्हती, कारण तेथे त्यांचे उत्पन्नच नव्हते. अशा कुटुंबांच्या घरांतील कागद, म्हणजे अर्जांच्या प्रती, तिकिटे, दूतावासाची पत्रे, मुलांशी झालेला पत्रव्यवहार, अद्याप कोणी एकत्र केलेले नाहीत असे दिसते. चिनी मजुरांच्या परतीच्या अर्जांच्या धारिका अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झाल्या, म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला. आपल्याकडील कागद अजून कपाटांत आहेत, आणि ते जपणारी पिढी ऐंशीच्या घरात आहे.